पिण्याचे पाणी

"लिम्फोमा आहे," डॉक्टर मॅडम म्हणाल्या आणि बायोप्सीचा कागद आमच्याकडे वळवून ठेवला. माझी बायको शुभांगी हिने तो वाचला नाही. तिने पर्सची चेन उघडली, पुन्हा लावली आणि विचारलं, "म्हणजे टीबी नाही ना?"

टीबी नाही हे ऐकून तिला क्षणभर बरंच वाटलं. कारण विरारचे आमचे डॉक्टर दोन महिने टीबीचाच संशय धरून बसले होते. मग मॅडमनी सावकाश सांगितलं. लिम्फोमा म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार बिघडतो, वाढत सुटतो, आणि मानेत, काखेत, जांघेत गाठी येतात. हिचा नॉन-हॉजकिन प्रकारचा होता. "औषधाला दाद देणारा आजार आहे," त्या म्हणाल्या. मला त्यातलं 'औषध' एवढंच ऐकू आलं.

त्यानंतर त्या फॉर्म भरू लागल्या. घरात आणखी कुणाला कॅन्सर? नाही. तंबाखू, मिश्री? नाही. शेतातली फवारणी, कारखान्यातलं काम, केमिकलशी काही संबंध?

मी कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे, ते मी सांगितलं. "तुमचं नाही, ह्यांचं विचारतेय," मॅडम म्हणाल्या. मी म्हटलं, "नाही. ती घरीच असते."

ती घरी असते हे खरं होतं. त्याआधीचं 'नाही' खोटं होतं, आणि ते दुरुस्त करायला मला तीन महिने लागले. हे लिहितोय ते मुख्यतः त्या तीन महिन्यांसाठी. कॅन्सरबद्दल माझ्यापेक्षा जास्त जाणणारे पुष्कळ आहेत.

सुरुवात मंगळसूत्रापासून झाली. गळ्यात ते घालताना डावीकडे गळ्याच्या हाडाच्या वर बोराएवढी गाठ हाताला लागते, असं शुभांगी म्हणाली. दुखत नव्हती. न दुखणारी गाठ म्हणजे काळजी नको, असं मी शहाण्यासारखं सांगितलं. तुम्ही असं कुणाला सांगू नका. पंधरा दिवसांनी संध्याकाळचा ताप सुरू झाला, ब्लाउज सैल व्हायला लागले. सुईने गाठीतलं पाणी काढून तपासलं, त्यात नक्की काही कळेना. मग अख्खी गाठ काढून पाठवली, तिला बायोप्सी म्हणतात, आणि रिपोर्टला दहा दिवस लागले. त्या दहा दिवसांत शुभांगीने भाजणी केली, पापड वाळवले आणि मुलीची, ऋतुजाची, कपड्यांची दोन कपाटं लावली. मी काहीच केलं नाही.

आता ड्रमबद्दल.

आम्ही मूळचे संगमेश्वरकडचे. सात वर्षांपूर्वी विरारला, चंदनसारमध्ये फ्लॅट घेतला. पालिकेचं पाणी दिवसाआड, तेही तासभर. बाकी टँकर. टँकरचं पाणी धुण्याभांड्याला आणि पालिकेचं पिण्याला, ही बिल्डिंगमधल्या प्रत्येक घराची शिस्त. म्हणजे घरातलं सगळ्यात चांगलं पाणी साठवायला मोठं भांडं हवं. निम्म्या गॅलऱ्यांत निळे ड्रम होते, कंपन्यांतून रिकामे होऊन आलेले. हायवेच्या कडेला एका पत्र्याच्या शेडमध्ये ते मिळतात, तिथे मी गेलो. नवा घ्यायला हवा होता. सगळे हाच घेतात, म्हणून मीही हाच घेतला.

शेडवाले म्हातारे बाबा तिथल्याच गावचे. म्हणाले, "तीन वेला धुवलाय साहेब. पानी भरा बिनघोर."

ड्रमच्या पोटावर एक चिठ्ठी होती. अर्धी फाटलेली. कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन आणि त्यात कवटी. दर जूनमध्ये अकरावीच्या नव्या मुलांना मी पहिलं वाक्य सांगतो ते असं, की चिठ्ठी वाचल्याशिवाय बाटलीला हात लावायचा नाही. कवटीचा अर्थ मला कुणी शिकवायला नको होता. प्लॅस्टिकच्या जुन्या बाटल्या कितीही धुतल्या तरी त्यांचा वास जात नाही, हेही मी वीस वर्षं हुंगत आलो होतो. तरी मी बाबांकडून ब्लेड मागून घेतलं आणि टेम्पोत चढवायच्या आधी ती चिठ्ठी खरवडून काढली. कारण शुभांगीने कवटी पाहिली असती तर ड्रम दारातूनच परत गेला असता.

आमच्या घरात सगळ्याला चिठ्ठ्या असतात. चणाडाळ, गोडा मसाला, अगदी साबणाच्या डब्यावर 'साबण'. शुभांगी चेष्टा करते, "एक माझ्या कपाळावर पण लावा, 'बायको' म्हणून." ड्रम चिंचेने घासला, चार दिवस उन्हात ठेवला आणि त्यावर मी माझ्या वळणदार अक्षरात चिठ्ठी लावली, 'पिण्याचे पाणी'. खरवडलेल्या जागेवरच लावली.

पहिले काही महिने ती म्हणायची, "अहो, पाण्याला रंगासारखा वास येतो हो." मी तुरटी फिरवली. पुढे वास गेला, किंवा आम्हाला सवय झाली. मी दिवसभर कॉलेजातलं पाणी प्यायचो. ती घरी, तीच ते जास्त प्यायची.

पहिली केमो सुरू झाली. दर एकवीस दिवसांनी एक, अशा सहा. त्याला सायकल म्हणतात. भल्या सकाळी मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात पोचायचं, रक्त द्यायचं, काउंट यायची वाट बघायची. काउंट म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी. त्या कमी असल्या तर "आज नाही, पुढच्या आठवड्यात या," आणि आलात तसे परत. वाट बघण्याच्या हॉलमध्ये बाकावर माणसं इतकी चिकटून बसतात की शेजाऱ्याचा डबा आपल्या मांडीवर उघडतो. सोबत सुईदोरा किंवा निवडायची भाजी न्या, असं तुम्हाला सांगेन. शुभांगी गवार घेऊन जायची. मोबाइल बघून जीव रमत नाही तिथे.

केमोमधलं एक औषध लाल असतं. त्याने लघवीही लाल होते, घाबरू नका. केस सतराव्या दिवशी गेले. उशीवरचे केस तिने स्वतः गोळा केले आणि मला म्हणाली, "ह्याला नका हो चिठ्ठी लावू." मी हसलो नाही. मला बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभं राहावं लागलं.

पहिल्या सायकलनंतरच मी गुपचूप ड्रम रिकामा केला आणि पाण्याचा जार लावला. इन्फेक्शन नको म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय, असं म्हटलं. तेही खोटंच. ड्रम गॅलरीत पालथा घातला, पण चिठ्ठी तशीच राहिली. पालथ्या ड्रमवर 'पिण्याचे पाणी' उलटं दिसायचं आणि मी तोंड धुताना रोज ते वाचायचो.

मी रविवारी शेडवर गेलो. बाबांना विचारलं, सात वर्षांपूर्वीच्या ड्रममध्ये काय होतं? ते म्हणाले, "कोन लिवून ठेवतो साहेब? कंपनीवाला सांगत नाय, आमी इचारत नाय." मग हळूच म्हणाले, "काय झाला? कोन आजारी हाय काय?" मी नाही म्हटलं. त्या दिवसांत माझ्या तोंडून तो शब्द फार सहज निघायचा. ड्रम आतून विसळून ते पाणी एका लॅबमध्ये तपासायलाही दिलं. तिथल्या मुलीने विचारलं, कशासाठी तपासू? काय शोधायचं तेच मला सांगता येईना. शेवटी नेहमीच्या तपासण्या केल्या, पाणी पिण्यायोग्य असा रिपोर्ट आला. मी तो फाडून टाकला, कारण त्यावर विश्वास ठेवायची मला फार इच्छा होत होती.

चौथ्या सायकलनंतर तिला ताप भरला. पांढऱ्या पेशी अगदी तळाला गेल्या की ताप येतो, त्याला फेब्राइल न्यूट्रोपेनिया म्हणतात, आणि तो आला की घरी थांबायचं नसतं. सहा दिवस ती ॲडमिट होती. पाचव्या दिवशी दुपारी जरा उठून बसली, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या सावंत वहिनींचा फोन आला. चौकशी झाली, मग वहिनी म्हणाल्या की लेक बाळंतपणाला येतेय, पाणी पुरत नाही, तुमचा तो ड्रम रिकामाच आहे ना? शुभांगी म्हणाली, "न्या की! नुसता पडलाय. ह्यांना संध्याकाळी खाली आणून द्यायला सांगते."

तिने फोन ठेवला. मी म्हटलं, "तो नाही द्यायचा."

"का? तुम्हाला कशाला हवाय?"

आणि मग मी सांगितलं. कवटी, ब्लेड, चिंच, चिठ्ठी, सगळं. पलीकडच्या खाटेवरच्या बाई डोळे मिटून पडल्या होत्या, त्या ऐकत असणार. शुभांगीने मला मध्ये एकदाही थांबवलं नाही. माझं संपल्यावर म्हणाली, "ऋतुजाची शाळेची बाटली मी त्यातूनच भरायचे. सहावीपासून."

एवढंच. मग भिंतीकडे तोंड करून झोपली. दुसऱ्या दिवशी तिने माझ्याकडे न बघता सांगितलं, "वहिनींना फोन करा. खरं काय ते सांगा. आणि पोरीचं रक्त तपासून आणा."

वहिनींना मी त्याच दिवशी फोनवर सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमचाही तिथलाच आहे हो." ऋतुजाला रक्त कशाला, ते सांगावंच लागलं. एकोणीस वर्षांची पोर, म्हणाली, "बाबा, तू? तू तर फिनेलच्या बाटलीवर पण तारीख लिहितोस." तिचा रिपोर्ट नॉर्मल आला. आज नॉर्मल आहे, असं मी म्हणतो.

मॅडमनाही सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "काही केमिकल्सचा ह्या आजाराशी संबंध असतो. पण एका माणसाच्या बाबतीत, ह्याच्यामुळेच झालं, असं बोट ठेवता येत नाही. असू शकेल, नसूही शकेल. हे कधीच कळणार नाही, त्याची तयारी ठेवा." मी विचारलं, पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर? "औषध हेच दिलं असतं. पण ते पाणी घरातले बाकीचे पीत होते, ते मी त्याच दिवशी बंद करायला लावलं असतं." मग त्यांनी फॉर्मवरचं माझं 'नाही' खोडलं आणि त्याच्या पुढे दोन ओळी लिहिल्या. त्यांना माझा राग आला असता तर बरं झालं असतं. त्यांनी रागवायचीही तसदी घेतली नाही.

लोक म्हणतात, स्वतःला दोष देऊ नका. नातेवाइकांनी सांगितलं, समुपदेशक बाईंनी सांगितलं. हवा खराब आहे, भाज्यांवर फवारे आहेत, कारखान्यांच्या गाळ्यांमागच्या नाल्याचं पाणी तर रोज नव्या रंगाचं असतं, तुम्ही एक ड्रम काय धरून बसलात? सगळं खरं आहे. पण नाल्यावरची चिठ्ठी मी खरवडली नव्हती.

सहाव्या सायकलनंतर दोन महिन्यांनी पेट स्कॅन झाला. ह्यात साखरेसारखं एक औषध शिरेतून देतात आणि शरीरात कुठे आजार जागा आहे ते चित्रात उजळतं. चित्रात काही उजळलं नाही. कम्प्लीट रिस्पॉन्स, म्हणजे सध्या आजार दिसत नाही. 'सध्या'वर मॅडमनी भर दिला. पहिली दोन वर्षं जपायची. हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर माणसं अशा बातमीने रडतात, मिठ्या मारतात. आम्ही चहा घेतला आणि घरी आलो.

ड्रमचं काय करायचं, हा प्रश्न होताच. भंगारवाल्याला दिला तर तो शेडवर जाणार आणि तिथून आणखी कुणाच्या तरी गॅलरीत. शेवटी मी ड्रिल मशीन आणून त्याच्या बुडाला आणि पोटाला भोकं पाडायला घेतली. सतरा पाडली. शुभांगी दारात उभी राहून बघत होती, डोक्याला रुमाल बांधून. म्हणाली, "चिठ्ठी काढा ती. आणि मला पेन द्या." तिने कागदावर स्वतः लिहिलं, अक्षर वाकडं आलं, 'यात काय होतं ते माहीत नाही. पाणी भरू नये.' ती चिठ्ठी लावून ड्रम खाली जिन्यापाशी ठेवला. आठवडाभरात बिल्डिंगमधले तीन ड्रम भोकं पाडून त्याच्या शेजारी आले. सावंत वहिनींचा पहिला.

तुमच्या गॅलरीत असा ड्रम असेल तर आज विचारा, यात आधी काय होतं. सांगणारं कुणी नसेल तर पाणी भरू नका. आणि डॉक्टरांनी काही विचारलं, तर जे सांगायला लाज वाटते ते सगळ्यात आधी सांगा.

आमचं काय? लग्नाला तेवीस वर्षं झाली. मी कामावरून आलो की शुभांगी पाण्याचा ग्लास आणून द्यायची, ती सवय तिने हॉस्पिटलमधून आल्यावर सोडली. बोलत होती, जेवायला वाढत होती. पाणी मी माझं घ्यायचो. स्वतःसाठी पाणी घेतलं की ती आधी वास घेते, अजूनही, प्रत्येक ग्लासाचा. ती वास घेते तेव्हा मी दुसरीकडे बघतो.

परवा कॉलेजातून आलो आणि खुर्चीवर बसून बूट काढत होतो. आतून जारच्या नळाचा आवाज आला. ती ग्लास घेऊन बाहेर आली, माझ्यासमोर थांबली, नेहमीसारखा ग्लास नाकापाशी नेला आणि वास घेतला. मग तो माझ्यासमोर धरला.

"घ्या," म्हणाली. "ठीक आहे."