वाळवीने खाल्लेली केस

इस्रायलमधल्या अश्दोदच्या आमच्या सिनगॉगमध्ये शनिवारची प्रार्थना संपली, की चहाच्या टेबलावर कोणीतरी म्हणतंच, "तुझी ती दारूची केस सांग ना." एक किस्सा सांगायला घ्यावा, तर त्याला चिकटून चार येतात. माझा मूर्खपणा एका किश्श्यात मावत नाही, त्याला मी काय करू?

*

सत्तरच्या दशकात आम्ही मुंबईहून इथे आलो. नागरिकत्वाच्या फॉर्मवर प्रश्न होता: तुमच्यावर कधी कोर्टात केस झाली होती का? फ्लोरा, म्हणजे माझी बायको, कानाशी पुटपुटली, "नाही लिहा." मी 'हो' लिहिलं. सत्यवादी वगैरे नव्हे हो. नव्याने शिकलेल्या हिब्रूत तेवढा एकच शब्द मला बिनचूक लिहिता येत होता!

फ्लोराला आणि आमच्या रूथला कागद मिळाले. माझी फाइल अडकली. दर तीन महिन्यांनी व्हिसा वाढवायचा. पोरगी तेव्हा पलटणीत, ती हिब्रूतच म्हणाली, "अब्बा, देश मी सांभाळते, तुम्ही भांडी सांभाळा." हसलो खरा, पण मला एकट्याला परत पाठवतील ही भीती होतीच.

*

केस काय, तर कोकणातल्या आमच्या गावची, दारूबंदीच्या काळातली. शुक्रवारी संध्याकाळी वाइनच्या पेल्यावर म्हणायची ती किद्दुशची प्रार्थना, तिला वाइन कुठून आणणार? आम्ही काळ्या मनुका भिजवून शरबत करायचो. भिजवायचं काम माझं. गुरुवारी आठवण राहायची नाही, म्हणून मी ते मंगळवारीच उरकून टाकायचो. एकदा नवीन हवालदार आला, त्याने मडकं हुंगलं आणि मडक्यासकट मला घेऊन गेला. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी धर्माची बाब म्हणून सोडून दिलं.

"सोडल्याचा कागद आणा," इथल्या ऑफिसातल्या बाई म्हणाल्या. गावी भावाला पत्र टाकलं. सहा महिन्यांनी कोर्टाचं उत्तर आलं: रेकॉर्ड वाळवीने खाल्लं आहे, सबब नक्कल मिळणार नाही.

बाई म्हणाल्या, "मग वाळवीच्या आधी तो कागद वाचलेली माणसं आणा. दोन पुरे."

*

दोन? आमच्यात दहा पुरुष जमल्याशिवाय प्रार्थनासुद्धा सुरू होत नाही. दहाही आले, कोट घालून. कागद एकानेही पाहिलेला नव्हता. सगळ्यांत वडीलधारे मोझेसकाका उभे राहिले. "बाई, हा पिणारा नाही. पीत असता तर आमच्यात बसला असता."

बाईंनी पेन खाली ठेवलं.

*

शेवटी कंटाळून त्याच म्हणाल्या, "ते शरबतच करून आणा रविवारी. बघू तरी, काय गुन्हा होता तो."

तो दिवस मंगळवार. घरी आलो आणि लगेच मनुका भिजत घातल्या, पुन्हा विसरायला नको. शनिवार आमचा विश्रांतीचा वार, त्या दिवशी पिळणं-गाळणं वर्ज्य, म्हणून शुक्रवारीच गाळून बाटली भरली. फ्रिजमध्ये फ्लोराची मच्छीची आमटी, त्यामुळे बाटलीला जागा मिळाली गॅलरीत. त्यात वाळवंटाकडून गरम वारा सुटलेला.

रविवारी इथे ऑफिसं उघडी असतात. बाईंनी एक ग्लास घेतला. जरा थांबल्या. दुसरा घेतला. शेजारच्या टेबलावरच्या साहेबांना बोलावलं, त्यांनीही दोन घेतले. "एवढ्यासाठी माणसाला पकडलं?" असं म्हणत बाईंनी फाइल ओढली आणि शिक्का मारला. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

घरी येऊन कागद फ्लोराच्या हातात ठेवला. तिने तो नीट न्याहाळला. "अहो, शिक्का उलटा आहे."

मग तिने रिकामी बाटली उचलली, हुंगली, आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "त्या हवालदाराचं नाक चांगलं होतं."