दोरीला मारलेलं पाणी

नांदेडच्या जुन्या बाजारात गुलाम रसूल यांचं बाजा विणायचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, पत्र्याचं छप्पर, खाली दोन-चार लाकडी चौकटी आणि सुतळीचे गुंडाळे. आजच्या काळात बाज कोण विणून घेतं, असं मी त्यांना पहिल्या भेटीत विचारलं होतं. "ज्याची पाठ दुखते तो घेतो," रसूलभाई म्हणाले आणि माझ्या पाठीकडे बघत राहिले. मी तिथल्या तिथं एक बाज सांगून मोकळा झालो.

मी साहेबराव. इथल्याच एका पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमध्ये पोरांना लेथ आणि वेल्डिंग शिकवतो. शिकवतो म्हणजे ओरडतो. रसूलभाईंची मुलगी बुशरा माझ्याकडे शेवटच्या वर्षाला होती. त्या वर्षी लातूरला विद्यार्थ्यांच्या रोबोटांची स्पर्धा होती. रोबोटनं डोक्यावर ठोकळ्यांची उतरंड घेऊन चढ चढायचा, पलीकडं उतरायचं, आणि एकही ठोकळा पडू द्यायचा नाही. मोटरची ताकद चाकांपर्यंत न्यायला सगळी कॉलेजं साखळी नाहीतर गिअर लावतात. साखळी जड, त्यात सुरू होताना हिसका देते, आणि हिसक्याला ठोकळे पडतात. बुशरा म्हणाली, "सर, साखळीच नको. दोरी लावू."

पोरं फिदीफिदी हसली. गटाचा प्रमुख नबील म्हणाला, "बाज विणणार का काय?"

"हाव," बुशरा म्हणाली.

तिनं खरंच बाजच डोळ्यांपुढं ठेवली होती. बाजेच्या पायथ्याशी ताणाची दोरी असते, रसूलभाई तिला अदवान म्हणतात. बाज सैल पडली की तेवढीच ओढायची, बाकी विणीला हात लावायचा नाही. बुशरानं प्रत्येक बाजूची दोन्ही चाकं आणि मोटर एकाच दोरीत घेतली, रिळांवर आठाच्या आकड्यासारखे वेढे दिले आणि ताणासाठी अदवानीसारखी सोय ठेवली. सुतळी तुटली, सुती दोरी झिजली, मग तिनं पांढरी विणलेली नायलॉनची दोरी आणली. रोबोट चालला तेव्हा आवाजसुद्धा आला नाही. माझा जन्म लोखंडात गेला, मला ते पचायला जडच गेलं. पण ठोकळे जागचे हलले नाहीत, हे डोळ्यांनी बघितलं.

रसूलभाईंनी ही गोष्ट अख्ख्या बाजारात सांगितली. लातूरच्या स्पर्धेला पुण्याची एक गाड्यांचे सुटे भाग बनवणारी कंपनी येणार होती, तिथूनच पोरं निवडून नोकरीला घेणार होती. बुशराला ती नोकरी हवी होती, आणि तिच्या बापाला तिच्याहून जास्त हवी होती. "माझ्या हातावर घट्टे पडले ते पडले मास्तर," ते मला म्हणाले, "हिच्या पडू नयेत."

स्पर्धेला तेही आमच्यासोबत बसनं आले, मांडीवर डबा घेऊन. उपांत्य फेरीत आमचा रोबोट असा अलगद गेला की लोक उठून उभे राहिले. कंपनीच्या माणसांनी बुशराला त्यांच्या टेबलाशी बोलावून घेतलं आणि सांगितलं, अंतिम फेरीत असाच चालला तर पुण्याला ये. ती तिकडं, पोरं जेवायला, मी चहाला. रोबोटजवळ रसूलभाई एकटे राखणीला बसले.

अंतिम फेरीचा पुकारा झाला. नबीलनं रोबोट उचलून रेषेवर ठेवला, बुशरा धावत आली. रसूलभाई माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "दोरी जरा सैल वाटली मास्तर. मी पाणी मारलंय. आता बघा कशी ताठ होती." चेहरा असा फुललेला, की मी त्यांची पाठ थोपटली.

बाज सैल पडली की तिच्यावर पाणी शिंपडायचं, हे आपल्याकडं शेंबडं पोरही जाणतं. सुतळी पाणी पिते, आखडते आणि बाज ताठ होते. नायलॉनचं उलटं असतं. ते पाणी पिऊन सैलावतं, वर निसरडंही होतं. हे मला त्या दिवशी कळलं. अर्ध्या चढावर चाकं थांबली. मोटर गरगर फिरत होती, दोरी रिळावरून नुसती घसरत होती. रोबोट मागं सरकला आणि सगळी उतरंड खाली आली.

बुशरानं दोरीला बोट लावलं. ओलं बोट बघितलं. मग बापाच्या हातातली पाण्याची बाटली बघितली. रसूलभाई घाबरून विचारत होते, काय झालं, काय झालं.

"मोटर जल गयी, अब्बा," ती म्हणाली.

कंपनीनं दुसऱ्या कॉलेजची पोरं घेतली. हिला म्हणाले, कल्पना चांगली आहे, पण भरवशाची नाही. माझं डोकं सणकलं. खरं काय ते सांगायला मी निघालो, तर तिनं माझी बाही धरली. "सर, ते अब्बांना विचारतील. नका ना." परतीच्या बसमध्ये रसूलभाई मोटर बनवणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धारत होते, आणि पोरीनं ताकास तूर लागू दिली नाही.

ती आता स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात उभी असते. मी त्या रस्त्यानं जायचं टाळतो. बघवत नाही.

परवा रसूलभाई वर्कशॉपात आले. सुतळीचं गिऱ्हाईक आटलंय, म्हणून माहूरच्या एका लॉजवाल्याच्या नायलॉनच्या बाजा त्यांनी विणायला घेतल्या होत्या. नायलॉनची बाज ते जन्मात पहिल्यांदाच विणत होते.

"एक विणली मास्तर," ते म्हणाले. "नेहमीसारखं पाणी मारलं. सकाळी बघतो तर नुसती झोळी."

मी कानस उचलून उगाच घासायला लागलो.

"मोटर जळली न्हवती ना?"

खोटं बोलण्यात मी कच्चा आहे. मला मान वर करता आली नाही. रसूलभाई स्टुलावर बसले.

"बुशराला सांगू नका, मला कळलं म्हणून," ते म्हणाले. "तिला वाटतं, अब्बाला ठाऊक न्हाई. म्हणून घरात हसून बोलते."

"नाही सांगत."

"आन् एक सांगा मास्तर. नायलॉनला ताण कसा देत्यात? बाकीच्या बाजा तशाच पडून हायत."

मला ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते बुशराला, आणि तिला विचारायची सोय रसूलभाईंना आता राहिली नव्हती.