साडेनऊ ते साडेपाच, भूमध्य किनारा

कॅलिफोर्नियात, क्युपर्टिनोत राहायला आलो त्याच उन्हाळ्यात माझ्या नवऱ्याने मला भूमध्य समुद्र दाखवला. तिकिटं काढून देणाऱ्या एजंटाने दिलेलं एक कॅलेंडर आमच्या स्वयंपाकघरात होतं. त्यात जुलैच्या पानावर एक निर्जन किनारा होता. पांढरे खडक, निळंहिरवं पाणी आणि माणूस औषधाला नाही. इथे एकदा तरी जायचं, असं मी म्हणून बसले. पण आमच्या व्हिसाची कथा अशी, की अमेरिकेबाहेर पाऊल टाकलं तर परत आत घेतील याची खात्री नाही. नवरा इंजिनिअर. त्याने ती गरज लिहून घेतल्यासारखी मान हलवली आणि दोन रविवार खपून स्थानिक पर्याय शोधून काढला.

डोंगर ओलांडून पलीकडे गेलं की समुद्राकाठी कोबीची शेतं लागायची. शेताच्या कडेने चालत कड्यापर्यंत जायचं आणि धडपडत खाली उतरायचं. खाली दोन कड्यांच्या बेचक्यात एवढासा किनारा. बाक नाही, टपरी नाही, पाटीसुद्धा नाही. पाणी मात्र बर्फ. वारा कान उपटून नेईल असा, आणि समोरच्या खडकावर सील मासे भुंकत पडलेले.

"डोळे बारीक कर," नवरा म्हणाला. "मग सेम तसंच दिसतं."

मी केले. खरंच दिसलं. हा किनारा आपला दोघांचा, इथल्या मराठी मंडळातल्या कुणालाही सांगायचा नाही, असं तिथेच ठरलं. सांगितलं असतं तर पुढच्या रविवारी तिथे व्हॉलीबॉलची जाळी आणि पावभाजीचे ट्रे आले असते.

माझा व्हिसा नवऱ्यावर अवलंबून असलेल्या बायकोचा. त्यावर राहता येतं, जेवता येतं, नोकरी करता येत नाही. पुण्यात मी बँकेत होते, हाताखाली चार माणसं होती. क्युपर्टिनोत माझ्या हाताखाली एक कुकर होता. दिवसभराच्या कामातली दुसऱ्या कुणाच्या नजरेला पडेल अशी एकच गोष्ट माझ्याकडून घराबाहेर जायची, ती म्हणजे नवऱ्याचा डबा. त्यामुळे डब्याकडे माझं बारीक लक्ष असे.

दोन हजार दोनच्या वसंतात हा डबा विचित्र वागायला लागला. आधी तो चाटूनपुसून परत येऊ लागला. दुधीची भाजीसुद्धा संपलेली! ज्या माणसाने लग्नाच्या आधी दुधीबद्दल स्पष्ट बोलणी केली होती, त्याचा हा डबा. मग पिशवीच्या तळाशी वाळू निघायला लागली. "पार्किंग लॉटमध्ये काम चाललंय," नवरा म्हणाला. आणि एक दिवस डबाच बदलून आला. झाकणावर कुणाचं तरी आडनाव कोरलेलं आणि खाली 'नागपूर'.

"नव्या टीममधला आहे," नवरा म्हणाला. "घाईत अदलाबदल झाली यार."

आता दुसऱ्याचा डबा रिकामा परत पाठवायचा नसतो, हे काय मला शिकवायला हवं? मी घासून पुसून त्यात नारळाच्या वड्या भरल्या. दोन दिवसांनी आमचा डबा परत आला तो कोथिंबिरीच्या सारणाची नागपुरी सांबारवडी घेऊन. इतकी खुसखुशीत सांबारवडी मी जन्मात खाल्ली नव्हती. मग मी थालीपीठं पाठवली, तिकडून पातोड्या आल्या. एकमेकींचं तोंडही न पाहिलेल्या दोन बायकांचा हा व्यवहार छान चालू झाला. ने-आण करणारे दोघे बापडे निमूटपणे हमाली करत होते. नाही कसं म्हणणार?

शेवटी मला सांबारवडीची कृती हवीच होती. इंडियन स्टोअरच्या काउंटरवरच्या काकूंना झाडून सगळी आडनावं पाठ. त्यांनी नंबर दिला. मी फोन लावला. वड्यांचं कौतुक झालं, थालीपिठांचं झालं.

"बरं झालं बाई, दोघे एकाच ऑफिसात आहेत," मी म्हटलं.

"एकाच कुठे? आमचे तर तिकडे सॅन होजेला आहेत ना," ती म्हणाली, आणि आपल्या नवऱ्याच्या कंपनीचं नाव सांगितलं. ते भलतंच होतं.

मग तिने हळूच विचारलं, "ताई, तुमच्या डब्यात रेती येते का हो?"

मला सगळं कळलं. त्या वर्षी आजूबाजूच्या कंपन्यांच्या इमारती एकेक करून रिकाम्या होत होत्या, हे काय मी पाहत नव्हते? पण आधी काय वाटलं ते प्रामाणिकपणे सांगते. भीती नंतर वाटली. आधी राग आला, आणि तो नोकरी गेल्याचा नव्हता. ती वाळू आमच्या किनाऱ्याची होती, आणि याने तो दुसऱ्यांना दाखवला! भीती मग आली. नोकरी गेली म्हणजे व्हिसा गेला, म्हणजे सामान बांधायचं. तेही मी बांधलं असतं. फक्त हे त्याने स्वतःच्या तोंडाने मला सांगायला हवं होतं. त्या रात्री जेवताना मी मुद्दाम वाट करून दिली. "ऑफिसात कसं चाललंय रे?"

"रिलीज जवळ आलाय," तो म्हणाला. "सध्या फार बिझी."

दुसऱ्या दिवशी नागपूरची मला घ्यायला आली. तिच्या नवऱ्याला रोज कुणीतरी कलीग गाडीतून न्यायचा, म्हणून त्यांची गाडी घरीच असे. तिला लायसन्स मिळून थोडेच दिवस झाले होते. "ड्राइव्ह करते मी," ती म्हणाली, "पण डावीकडे वळत नाही बाप्पा, इथे समोरून गाड्या येतात. उजवीकडे म्हणाल तितकं वळते." त्यामुळे घाट लागेपर्यंत आम्ही उजवीकडे वळत वळत क्युपर्टिनोचे बरेचसे भाग दोनदा पाहिले.

शेताच्या कडेने चालत कड्यापाशी पोचलो आणि दोघींनी वाकून पाहिलं. खाली पाचजण होते. इस्त्रीचे शर्ट, पँटी घोट्यापर्यंत दुमडलेल्या, बूट ओळीने खडकावर लावलेले आणि प्रत्येकाशेजारी लॅपटॉपची बॅग. सगळ्यांत उंच खडकावर एक टक्कल पडलेले गृहस्थ बसले होते. ते पूर्वी कुठेतरी मॅनेजर होते, म्हणून तो खडक त्यांचा. एकाच्या पट्ट्याला अजून कंपनीचं ओळखपत्र लटकत होतं. माझा नवरा उभा राहून बोलत होता.

"काल दोन ॲप्लिकेशन टाकले, सर. एका रिक्रूटरचा कॉल पेंडिंग आहे."

"फॉलोअप कर," खडकावरून आवाज आला. "नेक्स्ट."

"सर, उद्या मी येणार नाही," ओळखपत्रवाला म्हणाला. "सिक लीव्ह."

"तीन दिवसांपूर्वी पण होती यार तुझी," दुसरा कुणीतरी कुरकुरला.

नागपूरचीने तोंडाला ओढणी लावली. "काय करून राहिले हे लोक?" तिला हसू आवरेना आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

पुढे कळलं ते असं. खाली मोबाइलला रेंज नसे, म्हणून कॉल घ्यायला पाळीपाळीने एकेकजण कड्यावर चढे. साडेबाराला जेवण. दुपारी एकमेकांचे इंटरव्ह्यू. साडेपाचच्या आधी कुणी उठत नसे, कारण मॅनेजर बसलेले असताना उठायचं कसं? आणि मॅनेजरही उठत नसत, कारण आपण आधी उठलो तर टीमवर वाईट परिणाम होईल, असं त्यांचं मत होतं. यांच्यापैकी कुणीही कुणाला नोकरी गेल्याचं सरळ सांगितलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी माझ्या नवऱ्याला तिथे नागपूरचा भेटला, तेव्हा दोघेही म्हणाले होते, "क्लायंट व्हिजिट."

आम्ही धडपडत खाली उतरलो. दगड घरंगळले, तशी पाचही डोकी वर झाली. मॅनेजर चटकन उठून उभे राहिले आणि उगीचच घड्याळात बघत म्हणाले, "आपण लंच जरा लवकर घेऊ या." मग सगळे पाठ फिरवून सील माशांकडे अतिशय लक्षपूर्वक पाहू लागले. नागपूरची तिच्या नवऱ्याला हाताला धरून पलीकडे घेऊन गेली.

माझा नवरा अनवाणी उभा होता. "अगं, मीटिंग चालू होती," तो म्हणाला.

त्याने स्वतःहून सांगेपर्यंत मी विचारणार नव्हते. त्याने एकदा समुद्राकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या पायांकडे.

"सहा आठवडे झाले," तो म्हणाला. "गेली नोकरी."

सांगितलं एकदाचं. मी वाळूतच बसले. मला रडू आलं, पण हायसंही वाटलं. "मग घरी का नाही राहिलास? इथे थंडीत कुडकुडायचं कशाला?"

"दिवसभर तुझ्यासमोर नुसतं बसायचं? सोफ्यावर? मला नाही जमणार गं ते. काही काम नाही, कुणी फोन करत नाही, घड्याळ बघत राहायचं. माणूस वेडा होईल."

तो हे मला सांगत होता. मला!

"दोन वर्षं झाली मला," मी म्हटलं.

मग तो माझ्या शेजारी बसला. चांगली इस्त्री केलेली पँट, तिच्यासकट ओल्या वाळूत बसला.

दुसऱ्या दिवशी तो घरी राहिला. सकाळी सवयीने शर्ट घातला, साडेनऊला दारापर्यंत जाऊन परत आला आणि येरझारा घालायला लागला. मी त्याच्यापुढे वर्तमानपत्र पसरलं आणि मेथीची जुडी ठेवली. तो खाली मांडी घालून बसला. एकेक पान खुडून, उलटंसुलटं बघून पातेल्यात टाकत राहिला. जुडी संपली तेव्हा दुपार होत आली होती.

"एवढा वेळ लागतो याला?" त्याने विचारलं.

"लागत नाही," मी म्हटलं. "लावायचा असतो."