मामाजींची सुटती गाठ

माझ्या यजमानांचे अकोल्याचे मामा, ज्यांना घरात सगळे मामाजी म्हणतात, ते नसते तर आमच्या सोसायटीचा झेंडा आजवर एकदाही धड उघडला नसता, हे मी सचिव या नात्याने लेखी द्यायला तयार आहे. अकोल्याजवळ त्यांचा शेवंती-झेंडूचा मळा आहे. मळा मुलं बघतात. मामाजी तिरंगा बघतात. कुठेही दिसो, कशावरही असो. तिन्ही पट्टे सारखे आहेत ना, चक्राचे आरे चोवीस भरतात ना, उभा लावला असेल तर केशरी पट्टा बघणाऱ्याच्या डाव्या हाताला आहे ना. एका लग्नात वाढप्याने तिरंगी ढोकळा आणला तेव्हा आमची सगळी पंगत धास्तावली. मामाजींनी चष्मा लावून ढोकळा फिरवून पाहिला. "चक्र नाही ना यात? मंग हा झेंडा नाही, नास्ता हाये. वाढ बापा!"

सव्वीस जानेवारीच्या आदल्या दिवशी ते एसटीने अमरावतीला आमच्याकडे येतात. गाडीत एकच जागा मिळाली, तर तिच्यावर पाकळ्यांची पिशवी बसते आणि मामाजी उभे राहतात. पंधरा ऑगस्टला झेंडा खालून वर चढतो आणि सव्वीस जानेवारीला वरच बांधलेला उघडतो, हे आमच्या अध्यक्षांना सांगता आलं नाही, तेव्हा त्यांच्या हातात दिलेला चहा मामाजींनी परत घेतला होता. पाकळ्या कोरड्याच हव्यात, ओल्या पाकळीचा डाग खादीवरून जात नाही. गाठ एका ओढीत सुटली पाहिजे. एका वर्षी मळ्याला बहर जोरात होता, तेव्हा त्यांनी इतक्या पाकळ्या भरल्या की झेंडा दिसू लागला आणि अध्यक्ष दिसेनासे झाले. कार्यक्रमानंतर मागच्या रांगेकडे बघून दरवर्षी तेच भाषण: "पयले मधात चरखा होता. मांगून पाह्यला का उलटा दिसे. म्हणून चाक घेतलं. चाकाले मांग-पुढं नसते."

गेल्या पावसाळ्यात अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात गेला. तरी यंदा आले, मुलाला सोबत घेऊन, आणि पिशवी टेबलावर ठेवत म्हणाले, "गाठ तू मार. मी सांगतो." बांधाबांधीत मी पक्की आहे, माझं एकही पार्सल वाटेत सुटलेलं नाही. झेंड्याची घडी घातली, पाकळ्या भरल्या, दोरी आवळली. मामाजींनी डाव्या हाताने ओढून पाहिली. सुटेना.

"काहून वं सूनबाई, हा झेंडा हाये, लोणच्याची बरणी नाही! इतकं गच्च काहून बांधून राहिली?"

पुन्हा बांधली, पुन्हा अडकली. दुपारभर तेच चाललं. शेवटी एकदा सुटली. तेव्हा ते हसले नाहीत, हळूच म्हणाले, "माह्या हातानं एकदाबी अडकला नाही तो. आता तुह्या हातात हाये."

सकाळी नेमकी लिफ्ट बंद. मामाजींची खुर्ची आमच्या खिडकीत मांडली; तिथून झेंड्याची मागची बाजू दिसते. अध्यक्षांनी दोरी ओढली. काहीच नाही. आणखी जोरात ओढली. तरी नाही. मी खिडकीकडे पाहिलं. मामाजींचा डावा हात सावकाश खाली येत होता, बाळाला थोपटावं तसा.

"भाऊ, हिसका नको. हळू ओढा," मी अध्यक्षांना म्हणाले.

गाठ सुटली. शेवंती खाली आली आणि तिरंगा उघडला. राष्ट्रगीत सुरू झाल्यावर मी पुन्हा वर पाहिलं, तर मामाजी खिडकीचा गज धरून उभे होते.

मी जिना चढून वर गेले आणि विचारलं, "मामाजी, मागून नीट दिसला ना?"

"चाकाले मांग-पुढं नसते," ते म्हणाले. मग डोळे पुसून म्हणाले, "पाकळ्या मातर कमी भरल्या तू."

बांधायला मला सगळ्यांनी शिकवलं. सुटेल असं बांधायला फक्त त्यांनी. एरवी दुसऱ्या दिवशी निघताना झेंडा बांधायची ती दोरी ते आठवणीने खिशात घालून नेतात. यंदा मी पुढे केली, तर त्यांनी माझी मूठ मिटवली. "राहू दे इथंच." आता ती स्वयंपाकघरात खुंटीला असते. दूध तापेपर्यंत मी तिची गाठ मारते आणि एका ओढीत सोडते.