आतला कंप्युटर

दर्शना आमच्या शाळेत कंप्युटर शिकवायची. म्हणजे अजूनही शिकवते, पण आता त्याला शिकवणं म्हणावं का, ते मला कळत नाही.

शाळा कल्याण पूर्वेची, मराठी माध्यमाची. मी चौथीची वर्गशिक्षिका. कुठल्याशा कंपनीने आपले वापरून झालेले कंप्युटर आम्हाला दान दिले, सगळे इंग्रजीतले. वर संस्थेची ताकीद, की त्यांत काही बदलायचं नाही. दर्शना कंत्राटावर, आंबिवलीहून येणारी. तिने बदललं काहीच नाही. आहे त्याच्या आत दुसरा कंप्युटर बसवला.

"म्हणजे गं काय?" मी विचारलं.

"व्हर्च्युअल मशीन म्हणतात, ताई. खोटा कंप्युटर. बाहेरच्याला वाटतं, एक मोठी फाइल उघडलीय. पण तिच्या आत अख्खं लिनक्स चालतं, विंडोजसारखंच. फुकट असतं, जगभरची माणसं मिळून करतात. आणि मराठीत मिळतं."

खरंच, इंग्रजी पडद्यावर एक चौकोन उघडला आणि त्यात मराठी. उघडा. जतन करा. छापा. यंत्रं जुनी, अर्धी ताकद आतल्याला दिली की दोघंही धापा टाकायचे. स्टाफरूममध्ये थट्टा चालायची, "दर्शना, उठला का गं तुझा भाडेकरू?" ती हसायची. एखादा शब्द बोजड वाटला की घरी बसून दुसरा शोधायची आणि लिनक्स मराठीत आणणाऱ्यांना कळवायची. त्याचं तिला कुणी काही देत नव्हतं.

माझ्या वर्गातली मंजुळा आधी कंप्युटरसमोर हात मांडीत घेऊन बसायची. काही दाबलं आणि मोडलं तर, ही भीती. मराठी आल्यावर पडद्याला बोट लावून वाचायला लागली, न विचारता एकेक दाबून बघायला लागली. एकदा तिने आपल्या शेळीवर पानभर लिहिलं, नाव देऊन ठेवलं आणि पुढच्या आठवड्यात स्वतःच शोधून काढलं. दर्शनाने मला हाक मारली. "ताई, हे मी शिकवलेलं नाही हिला." त्या दिवशी देवाने ओंजळीत काहीतरी टाकल्यासारखं वाटलं मला.

पालकसभेत दर्शनाने तेच दाखवलं. मंजुळाचे वडील राघो, खडवलीकडचे, इथे रिक्षा चालवतात. ते मागून उठले.

"बाई, हे मराठीत कशाला?"

"मुलांना वाचता येतं म्हणून."

"मराठी घरी पण वाचते ती. उद्या हापिसात कोण बोलणार हाय, जतन करा? कंप्युटर हाय म्हणून तर पोरीला इथं ठेवली मी. तेवढंच इंग्रजी पडंल कानावर."

"दादा, आधी समजू दे तिला. मग इंग्रजी काय—"

"तुमची पोरगी कुठल्या शाळेत हाय, बाई?"

दर्शनाची सान्वी इंग्रजी शाळेत आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. मागे कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांनी सांगितलं, संस्थेला हे चालणार नाही, आजच्या आज काढा. शाळा सुटल्यावर मी तिच्याजवळ थांबले. मुलांनी लिहिलेलं तिने पेन ड्राइव्हवर घेतलं आणि एकेका यंत्रापुढे बसत गेली.

मला राहवलं नाही. "मिस्टरांनीच घातलं असेल ना गं सान्वीला तिथे?"

"नाही, ताई. ते मराठीच म्हणत होते. मी घातलं."

दर वेळी यंत्र इंग्रजीत विचारायचं, सगळं पुसायचं का. ती न वाचता दाबायची आणि पुढच्या खुर्चीवर जायची.

आता मुलं जागा पाठ करतात. डावीकडून तिसरं चित्र दाबलं की कोरं पान येतं, कोपऱ्यातला चौकोन दाबला की लिहिलेलं राहतं. मंजुळा परत हात मांडीत घेऊन बसते. सांगितलं की तेवढंच दाबते. चित्राची जागा हलली की थांबते, आणि बाईंकडे बघते.

परवा शाळेच्या गेटवर मला आणि दर्शनाला राघो भेटले. तिला म्हणाले, "बाई, राग नाय ना? पोरगी आता इंग्रजीतनं चालवते कंप्युटर! घरी आम्हाला बोलून दाखवते. तिसरं, मग दुसरं, मग कोपऱ्यातलं. फाडफाड!"

मंजुळा रिक्षात दप्तर कवटाळून बसली होती. मान वर केली नाही तिने.

"हुशारच आहे ती," दर्शना म्हणाली.

"बसा, ठेशनला सोडतो."

ती मंजुळाशेजारी जाऊन बसली. मी दत्ताच्या देवळाकडे वळले. रोजच्यासारखे हात जोडले, पण कोणासाठी काय मागावं ते सुचेना.