कॉन्व्होकेशनच्या आडोशाला उभी राहिलेली मुलगी

गेल्या रविवारी निमगाव केतकीला मी भरल्या घरात आवाज चढवला. वयाच्या या टप्प्यावर ते शोभत नाही, हे मला मान्य आहे... पण कारण ऐका.

माझा चुलतभाऊ दत्तू तिथे डाळिंबाची बाग करतो. त्याची मुलगी स्नेहल बारामतीच्या कॉलेजातून बी.एस्सी. झाली. निकाल लागला आणि लगोलग लग्नाची बोलणी सुरू झाली. तिला एम.एस्सी. करायचे आहे, आणि प्रवेशाची मुदत संपत आली होती.

गेल्या वर्षी हे स्थळ आले तेव्हा दत्तूने चार माणसांत शब्द दिला होता, "पोरगी ग्रॅज्युएट झाल्याबिगर लगीन न्हाय." आता पाहुणे म्हणत होते, झाली की ग्रॅज्युएट! स्नेहलचे म्हणणे वेगळे. कॉन्व्होकेशन व्हायला अजून बरेच महिने आहेत, तोवर आपण ग्रॅज्युएट नाही.

निवाड्यासाठी मला बोलावले. आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवल्याचा हा तोटा...

मुलगी माझ्याकडे मोठ्या आशेने पाहत होती. पण चुकीच्या विधानाला माझ्याकडून होकार निघेना. मी सांगितले, "ग्रॅज्युएशन म्हणजे अभ्यासक्रम पुरा करून उत्तीर्ण होणे. कॉन्व्होकेशन म्हणजे पदवी प्रदान करण्यासाठी विद्यापीठाने भरवलेला समारंभ. समारंभ बाकी आहे म्हणून शिक्षण अपुरे ठरत नाही. स्नेहल, तुझे ग्रॅज्युएशन झाले आहे."

तिने मान खाली घातली. स्थळ आणणाऱ्या बबनमामांनी मांडीवर थाप मारली. "बघा, तात्याच म्हणले! आता काय राह्यलं? पिकल्यालं डाळिंब कोण झाडावर ठिवतं व्हय?"

इथे माझा आवाज चढला. "मामा, ती डाळिंब नाही! तिच्यासमोर बसून तिच्याबद्दल असे बोलायचे नाही."

मग मी दत्तूला त्याचे ते गेल्या वर्षीचे वाक्य पुन्हा म्हणायला लावले. त्याने ते जसेच्या तसे म्हटले.

"यात लग्न कधीपर्यंत करायचे नाही, एवढेच आहे," मी म्हणालो. "कधी करायचे, हे कुठे आहे? लायसन्सशिवाय ट्रॅक्टर रस्त्यावर काढता येत नाही. म्हणून लायसन्स हातात पडले, की त्याच दिवशी ट्रॅक्टर काढून हायवेला लागलेच पाहिजे का?"

"ते कॉलेजातलं हितं नका काढू," मामा म्हणाले. "बोलण्याचा अर्थ समद्यांना ठावं हाय."

"समद्यांना म्हणजे कुणाला? त्या चार माणसांत स्नेहल होती का? तिला कुणी विचारले?"

तेव्हा दत्तूच हळू आवाजात म्हणाला, "म्हंजी तात्या... आत्ता थांबवलं तर माजा शब्द मोडत न्हाय?"

मी चमकलो. मला वाटत होते, घाई याला आहे. हा तर दिलेल्या शब्दाखाली दबून बसला होता...

"नाही मोडत," मी म्हणालो. "पण तिला काय हवे आहे, ते आधी तिच्या तोंडून ऐक."

स्नेहल म्हणाली, "आप्पा, मला शिकायचंय. आत्ता लगीन नको." आवाज कापत होता, पण वाक्य पुरे झाले.

दत्तूने तिथेच फोन लावला. "पाव्हणं, पोरगी म्होरं शिकतीया. तुमास्नी थांबायचं नसंल तर आमची कायबी तक्रार न्हाय." मामा चहा अर्धा टाकून निघून गेले. जाताना एवढेच म्हणाले, "शिकवा, शिकवा... मग हुडकत बसा नवरा!"

मला संताप येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. पदवीपर्यंत शिकलेल्या मुलीला 'मला आत्ता लग्न नको' हे साधे वाक्य आपल्याच घरात उच्चारता येत नाही. त्यासाठी तिला विद्यापीठाच्या समारंभाआड लपावे लागते. आणि आपण मोठी माणसे त्या समारंभाच्या व्याख्येवर तासभर वाद घालतो... मीसुद्धा आधी व्याख्याच सांगितली.

सोमवारी बापलेक मोटारसायकलवरून बारामतीला आली. प्रवेश घेऊन दोघे माझ्याकडे जेवायला थांबली. युक्तिवाद करणे मला सोपे होते, दत्तू. पाहुण्यांना फोन तुला करायचा होता. तो केलास, त्याबद्दल तुझे आभार.