शिकंज्यातलं बाकडं

सकाळी मी चपला घालतच होतो. आदल्या संध्याकाळी अंबादासनं फोन करून बजावलं होतं, "मास्तर, उद्या ऊन चढायच्या आत ये. हात लागतील." मी म्हटलं, "येतो रे बाबा, जीव नको खाऊ." आणि पायात चप्पल सरकवतोय न सरकवतोय तोच त्याच्या शेजाऱ्यांचा फोन... अंबादास गेला. झोपेतच गेला. मी त्या भल्या माणसावरच उखडलो. काहीही काय बोलता, म्हटलं, मला त्यानं बोलावलंय. आता दीड-दोन महिने होत आले, पण अजून सकाळी चहा झाला की पाय आपोआप दाराकडे वळतात आणि मग कुठं जायचं ते कळत नाही.

आम्ही शाळेपासूनचे. मी जन्माचा थंड, तो जन्माचा उतावळा. मी पुढं शाळेत शिकवायला लागलो म्हणून त्याच्या लेखी मास्तर झालो, तो चादरीच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करत निवृत्त झाला. या माणसाला मी कधी खुर्चीला पाठ टेकून बसलेलं पाहिलं नाही. चहासुद्धा उभ्यानं, बशीत ओतून, फुंकर न मारता. घरात ते तेलुगू बोलत. त्यातला एक शब्द त्यांच्या दारात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला पाठ व्हायचा, कारण पद्मावहिनी दिवसभर तोच ओरडत असायच्या. "आगंडी! अहो, आगंडी!" म्हणजे थांबा. तो काही थांबायचा नाही.

घरामागं त्याच्या वडिलांची, नानांची, मागाची खोली होती. माग कधीच भंगारात गेले. निवृत्तीनंतर अंबादासनं त्या खोलीत सीएनसी राउटर बसवला. नक्षी संगणकावर काढायची, लाकूड टेबलावर आवळून ठेवायचं आणि वरचं गरगर फिरणारं पातं संगणकाच्या हुकमानं ती नक्षी कोरत जातं, असं ते यंत्र. आवाज असा की गल्लीतली कुत्रीसुद्धा पलीकडून जायची. वहिनी म्हणायच्या, "सवत आणली हो यांनी, ती पण भांडखोर." मी एकदा विचारलं, या वयात हे कुठून शिकलास? तर म्हणाला, "शिकायचं काय त्यात? नानांच्या मागावर जकार्डाचे पत्ते होते की. भोकं पाडलेला पत्ता सांगायचा कुठला धागा उचल, अन् फूल उमटायचं. आता भोकं गेली, आकडे आले. बाकी तेच हाय."

कोरण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. घोडं पेंड खायचं ते जोडताना. लाकूड तो कुर्डुवाडीच्या एका व्यापाऱ्याकडून आणायचा, जुनं सागवान. सागाच्या अंगात तेल असतं, त्याला साधा गोंद नीट धरत नाही. म्हणून सांधे थिनरनं पुसायचे, मग दोन बाटल्यांतला इपॉक्सी गोंद सारखा-सारखा घेऊन कालवायचा, लावायचा, आणि शिकंज्यात आवळून दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हा गोंद वाटीतच तापून दगड होतो, त्यामुळं कालवल्यावर धांदल करावीच लागते. ती धांदल त्याला फार आवडायची. पण नंतरचं थांबणं? छे! दोन तास झाले की शिकंज्याच्या दांड्याला हात गेलाच. आणि गोंदाआधी सगळं एकदा कोरडं जोडून बघावं, चुकलंमाकलं कळतं, हे मी सांगून सांगून थकलो. तर म्हणायचा, "मास्तर, लग्नाआधी लग्नाची तालीम करतं का कोणी?"

एकदा त्यानं माझ्या घरी स्टूल दिलं. अप्रतिम नक्षी. नेमके त्याच दिवशी माझे मेहुणे मंगळवेढ्याहून हुरडा घेऊन आले होते. "वा, काय काम आहे!" म्हणत बसले ते थेट फरशीवर, आणि हुरडा घरभर. अंबादास समोरच उभा. हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी. "दोन तासांत सोडलं काय रे?" मी ओरडलो. "दीड," तो म्हणाला.

मागच्या वर्षी त्याच्या छातीत दुखलं. रक्तवाहिनीत जाळी बसवली, डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली. आठवडा झाला नाही तोच मी भेटायला गेलो तर पलंग रिकामा आणि मागच्या खोलीत यंत्राची घरघर. मी तोंडाला येईल ते बोललो त्याला. मला अजून राग आहे. काय एवढी घाई होती? कुणाची गाडी चुकत होती? वहिनी तर रडायलाच लागल्या. "दोन घटका बसा हो कुठंतरी माझ्याजवळ," म्हणाल्या. तेव्हा तो पहिल्यांदा ओशाळला. म्हणाला, "बसायला चांगलं काहीतरी पाहिजे की. ओसरीत दोघांना पुरंल असं बाकडं करतो. ते झालं की बसतो. शब्द हाय."

त्या बाकड्याच्या पाठीवर त्यानं नानांच्या एका चादरीच्या कोपऱ्यातलं फूल कोरलं होतं. तो गेला त्या दिवशी मी मागच्या खोलीत डोकावलो, तर बाकडं चारी बाजूंनी शिकंज्यांत आवळून उभं. गोंद लावून झोपला असणार, आणि सोडताना बाकडं धरायला मला बोलावलं असणार, असं मीच नाही, सगळ्यांनीच धरून चाललं.

दिवसकार्य झालं, तरी वहिनी त्याला हात लावू देईनात. त्यांचा मुलगा श्रीनिवास पुण्याला असतो. घर बंद करून आईला घेऊन जायचं, यंत्र कुणाला तरी देऊन टाकायचं, असं त्याचं चाललेलं. तो शिकंजे सोडायला गेला तर वहिनी दारात आडव्या. "ज्यानं आवळलं त्यानंच सोडायचं असतंय," एवढंच म्हणाल्या. श्रीनिवासनं मला गळ घातली. मी रोज जायचो, रोज तसाच परत यायचो. झोप उडाली माझी. आयुष्यभर लोकांना 'सबुरीनं घ्या' सांगणारा मी, अंगणात येरझारा घालायला लागलो. ते लाकूड तिथं आवळलेलं आहे, या विचारानं माझाच श्वास कोंडायचा.

शेवटी मागच्या आठवड्यात वहिनी आपणहून म्हणाल्या, "मास्तर, तुम्हीच सोडा. तुम्हाला बोलावलं होतं त्यांनी."

एकेक शिकंजा ढिला केला. शेवटचा सुटला आणि बाकड्याचा पाय अलगद माझ्या हातात आला. मग दुसरा. मग पाठ कलली, ती वहिनींनी धरली. आधी माझ्या मनात आलं, अरे देवा, शेवटचाही सांधा धरला नाही याचा... आणि मग सांधा नीट बघितला. स्वच्छ. गोंदाचा टिपूसही नाही. फळीवर दोन्ही बाटल्या नव्या कोऱ्या, झाकणाचं सीलसुद्धा न तुटलेलं.

कोरडं जोडलं होतं त्यानं. उभ्या जन्मात पहिल्यांदा. एवढं मोठं बाकडं गोंद वाळायच्या आत एकट्याच्यानं आवळून होणार नाही, चार हात लागतात. म्हणून तो उतावळा माणूस सगळं जोडून, तपासून, गोंद न लावता झोपायला गेला. माझी वाट बघत थांबला होता. मी तिथंच भुश्शात बसलो आणि लहान पोरासारखा रडलो.

वहिनींनी मला रडू दिलं. मग पदर खोचला. "गोंद कसा कालवायचा, ते सांगा," म्हणाल्या. श्रीनिवासनं सांधे पुसले, मी गोंद कालवला, वहिनींनी लावला. काय तारांबळ उडाली आमची! "ओढा, ओढा, वाटी तापली!" असं मीच ओरडत होतो, अगदी त्याच्यासारखं. शेवटचा शिकंजा वहिनींनी आवळला. "हे ओसरीत बसेपर्यंत मी पुण्याला येत नाही," त्यांनी मुलाला सांगून टाकलं.

मग थांबणं आलं. वहिनी चहा करायला आत गेल्या. मी बसलो, उठलो, पुन्हा बसलो. धरलं असेल का? या फटीत गोंद कमी तर पडला नसेल? जरा ढिला करून एकदा बघावं, लगेच परत आवळता येईल... माझा हात दांड्यावर गेलासुद्धा.

"आगंडी!"

मी दचकून हात मागं घेतला. वहिनी कपबशी घेऊन दारात उभ्या होत्या. तो शब्द तोंडून गेल्यावर त्यांचा त्यांनाच कळला. त्यांनी कपबशी माझ्या हातात दिली. मग मी उभ्यानंच चहा बशीत ओतला.